मामा, मेस आणि चिंचझरीचा डबा

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एसटीच्या लाल गाडीनं इंटरनेट पोचवणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो सध्या मारेगावात आपल्या ओसरीवर बसून हा मजकूर लिहितो आहे. शहरांत म्हणे तारा जमिनीखालून जातात, काही तर समुद्राखालून जातात. माझा इंटरनेट कंडक्टरच्या सीटखालून जायचा. समुद्रातली तार मासे कुरतडतात असं मी वाचलंय. कंडक्टरच्या सीटखाली हात घालायची हिंमत मात्र आमच्याकडे माशाचीसुद्धा नाही.

मी संगणक शिक्षक होतो. आमच्या शिक्षण संस्थेच्या शाळा वणीत, मारेगावात, पांढरकवड्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत पसरलेल्या. एवढ्या संस्थेत संगणक शिक्षक म्हणजे नेमकं काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मुख्याध्यापकांचा मोबाइल बंद पडला की झाडे सर. स्नेहसंमेलनात माइक शिट्टी मारायला लागला की झाडे सर. एकदा तर अध्यक्षांच्या घरची पिठाची गिरणी अडली तेव्हाही मलाच गाडी पाठवली होती, आणि खोटं कशाला सांगू, मी ती चालू करून दिली. तेव्हापासून अध्यक्ष भाऊसाहेबांचा माझ्यावर असा विश्वास बसला की मी उद्या रेल्वेचं इंजिन मागितलं असतं तरी त्यांनी फक्त 'कुठं ठेवता' एवढंच विचारलं असतं.

करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली आणि माझे दिवस पालटले. पाठ रेकॉर्ड करायचे, ते मुलांपर्यंत पोचवायचे, खाली प्रश्न टाकायचे, उत्तरं तपासायची, गुण नोंदवायचे, हे सगळं एका जागी चालवणारी व्यवस्था लागते. ती मिळवायचे रस्ते दोन, आणि हे दोन रस्ते मी भल्याभल्यांना एकाच वाक्यात समजावले आहेत: घरी स्वयंपाक करायचा की मेस लावायची.

मेस म्हणजे कंपनीची व्यवस्था. वर्षाचे पैसे भरा, डबा वेळेवर दारात. भांडी घासायची कटकट नाही, गॅस संपायची धास्ती नाही. पण भाजी कोणती ते मेसवाला ठरवणार, तिखट किती तेही तोच ठरवणार, आणि त्यानं दुकान बंद केलं की तुमच्या घरात चिमूटभर मीठसुद्धा उरत नाही. घरचा स्वयंपाक म्हणजे आपली मशीन आणि त्यावर फुकट मिळणारं, कुणालाही उघडून दुरुस्त करता येणारं सॉफ्टवेअर. चव आपली, भांडी आपली. आणि भांडी आपली म्हणजे घासायचीही आपणच. पाहुणे अचानक वाढले तर घाम फुटतो तोही आपल्यालाच.

मी घरचा स्वयंपाक निवडला. कारण पहिल्याच वर्षी एका फुकट मेसनं आमचा घात केला होता. आमच्या शिक्षकांनी जीव ओतून केलेले पाठ तिथं ठेवले होते, आणि एका सकाळी उघडतो तो पाटी लागलेली: सेवा बंद झाली आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. आमच्या गणिताच्या मॅडम अशा रडल्या की मला वाटलं धरणाचं दार उघडलं. त्या दिवशी मी ठरवलं, आता चूल आपली.

मारेगावच्या शाळेच्या जुन्या स्टोअररूममध्ये मी आमची मशीन मांडली. पोरांनी तिचं नाव 'मामा' पाडलं. मामा दिवसभर कोपऱ्यात बसून गुरगुरायचा, मनात आलं तर काम करायचा आणि उन्हाळ्यात हमखास रुसायचा, म्हणून मामा. 'सर, मामा झोपला' अशी हाक आली की मी जेवणाच्या ताटावरून उठत असे. मे महिन्यात त्याच्यासमोर कूलर लावला होता, वाळ्याच्या जाळ्यांचा. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये कूलर नव्हता, मामाला होता. साहेब चेक सही करायला स्टोअररूममध्ये येऊन बसत आणि बराच वेळ सही करत.

वणीच्या शाळेत मी मामाचा एक भाऊ बसवला होता. वणी म्हणजे कोळशाचं गाव. दिवाळीनंतर त्याचं झाकण उघडलं तर आत इतका कोळसा, की शेगडी पेटवून चार माणसांचा चहा झाला असता. मी नुसता चहा सांगतो आहे. तिथला शिपाई अजूनही छातीवर हात ठेवून सांगतो की पोहेसुद्धा झाले होते.

पण ज्या मामासाठी मी भांडलो तो सगळ्यांत लहान होता. तो असायचा चिंचझरीला.

चिंचझरी पांढरकवड्याच्या पलीकडे, जंगलात, डोंगराच्या पोटात. गावाला लागून कोलाम आदिवासींची वस्ती, तिला पोड म्हणतात. आमची शाळा दहावीपर्यंत. तिथं विज्ञानाचा शिक्षक नव्हता. जागा रिकामी होती आणि ती भरली जाणार नाही हे गावातल्या बैलांनाही माहीत होतं. मारेगावचे आमचे विज्ञानाचे सर पाठ रेकॉर्ड करत, तेच त्या पोरांचं विज्ञान. ते पोचले नाहीत तर दहावीची पोरं विज्ञानाच्या पेपरला फक्त नाव लिहून येणार, एवढी साधी गोष्ट.

आणि चिंचझरीच्या शाळेत नेटवर्क नव्हतं. गावाच्या तोंडाशी, चढावर, गुलाबसेठचं किराणा दुकान आहे, तिथवर मोबाइलला रेंज येते. तिथून शाळेकडे उतरायला लागलात की रेंज तुमचा हात सोडून परत दुकानात जाऊन बसते.

म्हणून मी तिथं धाकटा मामा ठेवला. तळहाताएवढी मशीन. तिच्यापासून शाळेपुरता वायफाय पसरायचा. पोरं शाळेच्या टॅबवर पाठ बघायची, प्रश्न सोडवायची, बाहेरच्या जगाशी काही देणंघेणं नाही. फक्त आठवड्यातून एकदा नवे पाठ धाकट्या मामाच्या पोटात घालावे लागत आणि पोरांची उत्तरं मारेगावला आणावी लागत. ते कसं करायचं? इथं आमच्या भागातली एक रीत माझ्या कामी आली.

आमच्याकडे खेड्यातली पोरं शिकायला तालुक्याला खोली करून राहतात आणि त्यांचा जेवणाचा डबा रोज सकाळच्या एसटीनं घरून येतो. कंडक्टर डब्याला नाही म्हणत नाही. पार्सल म्हटलं की पावती, वजन, दहा प्रश्न. डबा म्हटलं की 'ठेवा तिकडं'. शिवाय दुसऱ्याचा डबा कुणी उघडत नाही. मी हार्ड डिस्क फडक्यात गुंडाळली, स्टीलच्या डब्यात ठेवली, कडी लावली आणि दिली मारेगावहून पांढरकवड्याच्या गाडीत. पांढरकवड्याच्या स्टँडवर रहीमचाचांच्या चहाच्या टपरीवर सगळे डबे उतरतात. तिथून आमचा डबा दुपारच्या चिंचझरीच्या गाडीत. परतीला उत्तरं घेऊन तोच डबा उलट्या दिशेनं. असं सालोसाल चाललं. वेग विचाराल तर गाडी पंक्चर नसेल त्या दिवशी आमचा इंटरनेट पुण्यापेक्षा जलद होता. एकदम येत होता ना सगळा!

चिंचझरीच्या मुख्याध्यापिका आत्राम मॅडम. त्यांचं माहेर पोडावरचंच. बाई अशा करड्या की शाळेची घंटा त्यांना विचारून वाजायची. त्या काय करत, की मारेगावच्या सरांचा पाठ झाला की त्याच्या खाली आपल्या आवाजात कोलामीत समजावून सांगितलेलं रेकॉर्डिंग जोडून ठेवत. त्यासाठी त्यांनी माझ्याकडून धाकट्या मामाच्या चाव्या म्हणजे पासवर्ड मागून घेतले होते. मी दिले, पण अडीअडचणीला म्हणून. त्या रोज वापरत होत्या हे मला नंतर कळलं.

असं सगळं सुखात चाललेलं असताना पुण्याहून सानिका मॅडम आल्या.

एका कंपनीच्या त्या प्रतिनिधी. तरुण पोर, पण हुशार, आणि मला सगळ्यांत अडचणीची गोष्ट म्हणजे प्रामाणिक. मारेगावच्या कार्यालयात तिनं भाऊसाहेबांना सगळं स्वच्छ दाखवलं. संस्थेच्या सगळ्या शाळा एका पडद्यावर, कोणता वर्ग कुठं मागे आहे ते रंगात. मामाला रंगबिंग काही येत नव्हतं. भाऊसाहेबांचे डोळे असे चमकले की मला माझी पिठाची गिरणी पाण्यात गेलेली दिसली. तरी मी घरचा स्वयंपाक आणि मेस हे माझं भाषण ठोकलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"सर, घरचा स्वयंपाक उत्तमच. पण तुम्ही जूनमध्ये निवृत्त होताय. मग चुलीशी कोण?"

मी आयुष्यात तीनशे सभा गाजवल्या आहेत, पण त्या दिवशी मी चष्मा काढून पुसायला घेतला. कारण तिचं खरं होतं. मामाचा ताप, मामाचं पथ्य, मामाच्या तारा, सगळं एका झाडेच्या डोक्यात. झाडे घरी बसला की मामा भंगारात, आणि धाकट्या मामाबरोबर चिंचझरीचं विज्ञानही.

भाऊसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, सर्व शाळांना एकच काय ते ठेवू, आणि ते चिंचझरीला ठरवू. तिथं जे चालेल ते कुठंही चालेल. दहावीच्या वर्गाचे दोन भाग करा. एका खोलीत मॅडमची मेस, दुसऱ्या खोलीत सरांचा मामा. या आठवड्याचा पाठ आणि त्यावरची चाचणी, शाळा सुटायच्या आत ज्या खोलीतल्या सगळ्या पोरांची होईल तो जिंकला. सानिका मॅडमनं एक अट घातली: झाडे सरांनी डिस्क स्वतः न्यायची नाही, नेहमीसारखी डब्यातूनच जाऊ द्यायची. "सरांनी स्वतः नेली तर ती व्यवस्था नाही ना, ते सर झाले."

मी हसत हसत हो म्हटलं. डब्यानं मला आजवर कधी दगा दिला नव्हता.

ठरल्या दिवशी भाऊसाहेबांच्या गाडीतून आम्ही चिंचझरीत उतरलो. सानिका मॅडमनं एक लांब ॲंटेना आणला होता. तो तिनं शाळेच्या गच्चीवर उभा केला आणि काय सांगू, शाळेत रेंज आली! स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. तिच्या खोलीतल्या पोरांच्या टॅबवर रंगीत पडदा उमटला. तेवढ्यात दुपारची गाडी आली आणि कंडक्टरनं डबा दिला. मी ऐटीत तो टेबलावर ठेवला, सगळ्यांकडे पाहून घेतलं आणि कडी काढली.

आत ज्वारीची भाकर होती. वरच्या पुडात वांग्याची भाजी, तेलाचा तवंग आलेली, आणि कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी.

सानिका मॅडम डब्याकडे बघत होती, हसत नव्हती, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. भाऊसाहेबांनी वाकून वास घेतला.

"झाडे सर," ते म्हणाले, "तुमचं विज्ञान बाकी खमंग हाय."

रहीमचाचांच्या टपरीवर डबे बदलले होते, दुसरं काय. डबे सगळे सारखेच, स्टीलचे. पण आमच्या बायका डब्यावर नाव कोरून घेतल्याशिवाय तो घरात आणत नाहीत. झाकणाच्या आत कोरलेलं होतं: सौ. कांताबाई टेकाम. आत्राम मॅडमनं एका नजरेत सांगितलं की कांताबाई याच गावच्या, आणि त्यांची पोरगी प्रतीक्षा पांढरकवड्यात कॉलेजच्या मागं खोली करून राहते. म्हणजे माझी डिस्क प्रतीक्षाच्या खोलीत. मी भाऊसाहेबांची गाडी घेतली आणि ड्रायव्हरला म्हटलं, हाण. निघताना मागं वळून पाहिलं तर भाऊसाहेब भाकरीचा तुकडा मोडत होते. 'चाखून पाहतो,' असं म्हणताना ऐकलं. डॉक्टरांनी त्यांना तेलकट बंद केलेलं होतं.

ती गाडी अशी पळाली की हायवेवर हैदराबादला निघालेले ट्रक आम्हाला बघून बाजूला होत होते, कुणी मंत्री असावा म्हणून. पांढरकवड्यात बाजाराचा दिवस. स्टँडजवळ गाडी हळू झाली आणि मला बँकेच्या पायरीवर गुलाबसेठ दिसले. चिंचझरीचे किराणावाले. चेहरा पांढराफटक, हातात फोन असा धरलेला जणू तो आता चावणार आहे.

"सर, माझं खातं खाली करून राह्यले कोनीतरी," ते म्हणाले. "बाजाराले आलो अन् मघापासून मेसेजवर मेसेज. नंबर येते, नंबर येते, नंबर येते. आनि वरून एक पोरगी फोन करते, गोड आवाजात म्हनते, काका तो नंबर सांगा. मी तिच्या सात पिढ्या काढल्या. आता खातं बंद करायले आलो."

मी फोन हातात घेऊन पाहिला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कंपनीची व्यवस्था अशी की मूल पहिल्यांदा आत येताना त्याच्या पालकाच्या मोबाइलवर एक आकडा पाठवते, तो भरला तरच दार उघडते. आणि चिंचझरीत मोबाइल असलेले बाप ट्रकवर किंवा कामावर, पोडावर तर कित्येकांकडे फोनच नाही. मग शाळा काय करते? सरकारी कागद असो की कंपनीचा, जिथं जिथं मोबाइल नंबर मागितला जातो तिथं गुलाबसेठचा टाकते. गावात कायम चालू असलेला तो एकच फोन. सरकारच्या दृष्टीनं अख्खा पोड म्हणजे गुलाबसेठचं कुटुंब.

म्हणजे सानिका मॅडमच्या खोलीतली सगळी पोरं दारात अडकली होती आणि सगळ्यांच्या चाव्या या माणसाच्या मुठीत होत्या.

आता मी लबाड आहे, पण पोरांच्या पेपरशी लबाडी करत नाही. मी गुलाबसेठना म्हटलं, सेठ, ती पोरगी खरी आहे, आकडे सांगून टाका.

"नाई सांगत," सेठ म्हणाले.

"अहो, मी सांगतोय ना."

"तुमीच तं गावात भाषण देल्लं होतं सर. सख्खा भाऊ मागन तरी सांगू नका. ओळखीच्या मानसाचा आवाज काढतेत म्हन्ले होते तुमी."

"पण सेठ, मी समोर उभा आहे!"

गुलाबसेठनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "चेहराबी बनवतेत म्हने आता," असं म्हणून ते बँकेत शिरले.

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं दिली, पण एवढं मनावर घेतलेलं दुसरं एकही नाही. सायबर सुरक्षेचा पुरस्कार कुणी देत असेल तर तो चिंचझरीत गुलाबसेठच्या दुकानात पाठवावा.

प्रतीक्षाची खोली सापडायला वेळ लागला नाही. ती दारातच बसली होती, डबा मांडीवर, आणि डब्यातल्या माझ्या हार्ड डिस्ककडे उपाशी नजरेनं बघत होती.

"काका, हे तुमचं का?" ती म्हणाली. "मले वाटलं आईनं मोबाइलची बॅटरी पाठवली. मंग माझी भाजी कुठाय?"

तिची भाजी संस्थेच्या अध्यक्षांच्या पोटात होती. मी डिस्क खिशात घातली आणि तिला समोरच्या खानावळीत नेलं. एवढी घाई, पण पोरीला उपाशी सोडून विज्ञान न्यायचं हे मला पटेना. ती जेवली, मी घड्याळाकडे बघत राहिलो. विचारलं, कसं आहे गं जेवण?

"बरं हाय ना जी," ती म्हणाली. "येका दिवसाले मस्तच. रोज नाही चालायचं. या खानावळवाल्याले कुठं माहीत, मले वांगं कसं लागते ते."

मला वाटलं, माझं भाषण या पोरीनं माझ्यापेक्षा चांगलं करून दाखवलं. मेसही हवीच. अडल्या दिवशी तिच्यासारखं काही नाही. पण रोज खायचं तर आपली चव माहीत असलेला हात लागतो.

परत निघालो तेव्हा शाळा सुटायची वेळ जवळ आली होती. चढावरून गाडी खाली उतरली, मी फाटकात उडी मारली आणि डिस्क हवेत उंच धरून, युद्ध जिंकून आलेल्या सेनापतीसारखा, दहावीच्या खोलीत शिरलो.

कुणी मान वर केली नाही.

दोन्ही खोल्यांतली पोरं एकाच खोलीत बसली होती आणि टॅबवर चाचणी सोडवत होती. मागच्या बाकावर भाऊसाहेब पोट धरून बसले होते. सानिका मॅडम एका टॅबवर मुलांना काहीतरी दाखवत होती. धाकटा मामा एका सौर दिव्याच्या बॅटरीला जोडलेला होता. मधे लाइन गेली होती म्हणे. पुढं टेबलावर जुन्या पंख्याची मोटर सगळी उघडून ठेवलेली.

मी धापा टाकत म्हटलं, "मॅडम, आणली डिस्क."

आत्राम मॅडमनी बोट ओठांवर ठेवलं. "ठेवा तिथं. पोरं पेपर देऊन राह्यले."

मग मला हळूहळू कळलं. मी निघाल्यावर बाईंनी वेळापत्रक पाहिलं. या आठवड्याचा पाठ विद्युतधारेचे परिणाम. त्यांनी बंद पंखा फोडून मोटर बाहेर काढली, पोरांच्या हातात दिली आणि पाठ कोलामीत, मराठीत, जसा येईल तसा घेतला. तिकडे सानिका मॅडमची पोरं दारात अडकलेली. बाईंनी त्यांनाही बोलावून घेतलं. प्रश्नपत्रिका तर डिस्कमध्ये. मग प्रत्येक पोरानं पाठावर एक प्रश्न तयार करायचा. बाईंनी चाव्या वापरून ते सगळे प्रश्न धाकट्या मामात भरले आणि एकाचा प्रश्न दुसऱ्याला सोडवायला दिला. टंकायला हात कमी पडत होते म्हणून पुण्याची पाहुणी कंपनीचं ओळखपत्र खिशात ठेवून खाली बसली आणि प्रश्न टाइप करू लागली.

शाळा सुटायची घंटा झाली तेव्हा सगळ्या पोरांचे गुण बाईंच्या टॅबवर होते. मामाला रंग येत नव्हते म्हणून आत्राम मॅडमनी खडूनं फळ्यावर रंगवले.

मी खुर्चीत बसलो. इतका वेळ ज्याची भीती वाटत होती तोच विषय भाऊसाहेबांनी काढला. म्हणाले, मॅडम, त्या दिवशी तुम्ही सरांना एक प्रश्न विचारला होता. सर निवृत्त झाल्यावर चुलीशी कोण?

सानिका मॅडमनं टॅब खाली ठेवला. "हो. त्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही."

"दुपारभर झाडे सर होते कुठं?" भाऊसाहेब म्हणाले.

तिनं आत्राम मॅडमकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, बॅटरीला जोडलेल्या त्या तळहाताएवढ्या मशीनकडे पाहिलं. आणि मग ती मोकळेपणानं हसली. मी आधीच म्हटलं ना, पोरगी प्रामाणिक.

नंतर कळलं ते आणखीच भारी. बाई वर्षभर दर शनिवारी धाकट्या मामाची सगळी झाडलोट स्वतः करत होत्या, त्याची एक प्रत वेगळी काढून कपाटात ठेवत होत्या. तो कितीदा झोपला आणि त्यांनी कितीदा उठवला याची मला खबरच नव्हती. मी म्हटलं, मला फोन का नाही केला? तर म्हणाल्या, काहून करायचा? तुम्ही येईपर्यंत पाठ शिळा नसता झाला का?

निकाल असा लागला. सगळ्या शाळांना एकच, हा हट्ट भाऊसाहेबांनी तिथंच, त्या बाकावर बसून सोडला. वणी, मारेगाव, पांढरकवड्याच्या मोठ्या शाळांना मेस, कारण तिथं रेंज आहे, पालकांकडे फोन आहेत आणि वणीच्या मामाच्या पोटातला कोळसा उपसायला आता मी नसणार. चिंचझरी आणि तिच्यासारख्या रानातल्या शाळांत मामा. आणि करारात एक ओळ सानिका मॅडमनं स्वतःहून घातली: आमच्या शिक्षकांचा प्रत्येक पाठ दर आठवड्याला आमच्या डिस्कवर उतरवून मिळेल, तो आमचाच राहील आणि त्याच्या खाली कोण कोणत्या भाषेत काय जोडतं हे आमचं आम्ही ठरवू. त्याच ओळीवर बाईंचा कोलामी आवाज उभा आहे. दुसऱ्या रानातल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना चाव्या द्यायला आणि घासणंपुसणं शिकवायला आत्राम मॅडम जाऊ लागल्या. मी फक्त सोबत जात असे, आणि मधे मधे विनोद सांगत असे.

लोक विचारतात, झाडे, तुमचा मोठा विजय कोणता? मी छातीठोक सांगतो, चिंचझरीची ती दुपार, जेव्हा माझ्या हातात डिस्क होती आणि कुणालाही तिची गरज नव्हती. थोडं टोचलं, खोटं कशाला बोलू. सेनापती परत यावा आणि सैन्यानं लढाई आधीच जिंकून, हातपाय धुऊन जेवायला बसावं, तसं झालं. पण ज्यानं लावलेलं झाड त्याच्या नजरेआड वाढतं, तो माळी काही हरलेला नसतो. त्या वर्षी चिंचझरीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा विज्ञानात एकही पोर मागं राहिलं नव्हतं, आणि गुलाबसेठनी गावभर पेढे वाटले. शेवटी ती सगळी कागदोपत्री त्यांचीच लेकरं होती.

आता मी निवृत्त आहे. परवा कामानिमित्त पांढरकवड्याहून पुढच्या गावी जायचं होतं म्हणून दुपारच्या चिंचझरीच्या गाडीत बसलो. कंडक्टर नवा होता, तरणाताठा. गाडी गच्च भरलेली, त्याच्या सीटखाली पोत्यांची गर्दी. तो हातात एक स्टीलचा डबा घेऊन जागा शोधत माझ्यापाशी आला.

"काका, जरा सरकून बसता का?" तो म्हणाला. "शाळेचा डबा हाय. खाली ठेवता येत नाही याले."

मी कोण, हे सांगायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं. मी सरकलो, आणि खिडकीची जागा डब्याला दिली.